सोमवारचं ऊन

९ एप्रिल

प्रिय काका,

नमस्कार. वाकून केलाय, कंबर दुखत असताना केलाय, म्हणून एकाचे दोन समजा.

परवा फोन ठेवल्यावर तुम्ही ताईला म्हणालात म्हणे, "ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण रागात होती." तुमच्या लेकीने हे मला लगेच कळवलं. म्हणून परत कागदावर येते. तसंही फोनवर नीट तक्रार करता येत नाही. माणसं मधेच सहानुभूती दाखवतात आणि सगळा विचका होतो.

सुरुवात हवेपासून. काल ४२. तुमचा थर्मामीटर मागच्या व्हरांड्यात, त्याच भिंतीवर, त्याच खिळ्याला आहे. ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी तो वाचते. दिवसात पारा जिथवर चढला असेल तिथे सुई थांबलेली असते; आकडा वहीत लिहायचा आणि लोहचुंबकाने सुई खाली ओढायची, ही तुम्ही जाताना दिलेली पहिली सूचना. दुसरी, "थर्मामीटर हलवायचा नाही, नाहीतर वीस वर्षांच्या नोंदींना अर्थ राहणार नाही." हलवलेला नाही. तुम्ही ऑपरेशनसाठी ताईकडे सहा महिने म्हणून गेलात त्याला सव्वादोन वर्षं झाली, एकही दिवस चुकलेला नाही. (एक चुकला. गेल्या जूनमध्ये मला ताप होता. अंदाजाने आकडा लिहायला नको म्हणून तिथे "आजारी" एवढंच लिहिलं. मी की थर्मामीटर, ते लिहिलेलं नाही, हे आत्ता लक्षात आलं.)

आठवड्याचे आकडे: मंगळ ४१, बुध ४२, गुरू ४२, शुक्र ४३, शनि ४२, रवि ४१, सोम ३७. काल परत ४२.

आता राजकारण. तुम्ही ज्यांना फीतकापे म्हणता ते आपले नगरसेवक पुन्हा उभे राहतायत. कोपऱ्यावरच्या बसस्टॉपला त्यांनी निवारा बांधला. चार खांब, मागे आणि वर पत्रा, पत्र्यावर ते स्वतः, हात जोडून. निवाऱ्याचं तोंड पश्चिमेला. दुपारी ऊन सरळ आत येतं, त्यामुळे लोक निवाऱ्याच्या मागे, त्याच्या सावलीत उभे राहतात. ड्रायव्हरला निवारा रिकामा दिसतो आणि तो बस थांबवत नाही. परवा अर्धी रजा होती तेव्हा माझ्या अशा दोन बस गेल्या. मग मी मुकाट आत उन्हात जाऊन बसले, तर मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, निवाऱ्यात कशाला बसताय, ऊन लागेल ना!"

खात्याचं म्हणाल तर, तुम्ही पंचवीस वर्षं जिथे पाहणी अधिकारी होतात त्या पाणीखात्यात मी अजून तक्रारखिडकीवरच आहे. काल एक गृहस्थ आले. म्हणाले, नळाला पाणी येतं. मी म्हटलं, मग? म्हणाले, "पण केव्हाही येतं. काहीतरी वेळ ठेवा." नोंदवून घेतली.

शेवटचं. गल्लीतले दातवाले डॉक्टर पुन्हा विचारत होते, तुमची पुढची खोली दवाखान्यासाठी मिळेल का. मी म्हटलं, काकांना विचारा, खोली त्यांची आहे. ते म्हणाले, "बंदच असते ना?" मी म्हटलं, बंद असते, पण त्यांची आहे. नंतर रात्रभर वाटत राहिलं, जरा तोडून बोलले का?

तुमची,
पुतणी

*

१७ एप्रिल

चिरंजीव तक्रारबाई,

अर्ज मिळाला. तक्रारी एकूण पाच: ऊन, नगरसेवक, बस, खातं, दात. कंबर धरली तर सहा. नोंद घेतली.

एक शंका. इथे वेळच वेळ आहे म्हणून तुझी जुनी पत्रं काढून वाचली. तू प्रत्येक पत्रात आठवड्याचे आकडे देतेस, ही तुझी चांगली सवय. पण सगळा आठवडा एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस आणि सोमवार आला की सदतीस. त्याच्या मागच्या सोमवारी अडतीस. गेल्या मे महिन्यातले चारही सोमवार असेच. तुमच्याकडे सोमवारी ऊनसुद्धा सुटीवर जातं का? मंगळवारी परत कामावर रुजू होताना वैद्यकीय दाखला देतं का?

दुसरी शंका. मी तो थर्मामीटर वीस वर्षं वाचला, त्याने मला चाळीस कधी दाखवले नाहीत. मी गाव सोडलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात बेचाळीस. गावाला माझा विरह सोसवत नाही, असं मी समजून चालतो. बाकी कोणाला सोसवत नसल्याचं पत्रांवरून दिसत नाही.

त्या नळाला पाणी येणाऱ्या गृहस्थांवरून मला तिसऱ्या गल्लीतल्या आजीबाई आठवल्या. तू तेव्हा कॉलेजात होतीस. बाईंची तीन महिन्यांत अकरा वेळा तक्रार, "पाणी येत नाही." खात्यातल्या हुशार लोकांनी कागदावरच नकाशा काढून ठरवलं की चढामुळे दाब कमी पडत असणार. माझा नियम तुला माहीत आहे, प्रत्यक्ष पाहणी झाल्याशिवाय तक्रार निकाली काढायची नाही. गेलो, नळ उघडला. असं पाणी आलं की माझी बाही भिजली. मी आजींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आलात ना? बसा आता." मी शेरा लिहिला, "पाहणी केली. पाणी येते. चहा घेतला." साहेबांनी तिसऱ्या वाक्याबद्दल खुलासा मागितला होता.

इथे सगळं छान आहे. हवा थंड, समुद्र जवळ, धुकं भरपूर. ताई आणि जावईबापू फार प्रेमाने वागतात. घरात कोणी आवाज चढवत नाही. मी रोज दोन किलोमीटर चालतो, बसस्टँडपर्यंत जाऊन परत.

परवा इथल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. ऑपरेशननंतर हृदय शहाण्यासारखं वागतंय म्हणाले. मी विचारलं, मग घरी जाऊ? त्यांनी विचारलं, तिकडे ऊन किती असतं? मी खिशातून तुझं पत्र काढून वाचून दाखवलं. निवाऱ्याच्या जागी ते इतके हसले की बाहेरची नर्स आत डोकावली. मग गंभीर झाले आणि म्हणाले, चाळीसच्या वर जाणाऱ्या गावात हे हृदय नेऊ नका. गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते. तेव्हाही तुझंच पत्र होतं.

दातवाल्यांचं पत्र मलाही आलंय. ३१ मेपर्यंत कळवतो म्हटलंय. तुझं मत काय?

काका

*

२४ एप्रिल

प्रिय काका,

माझी पत्रं तुम्ही डॉक्टरांना वाचून दाखवता? मला वाटत होतं ती तुमच्या-माझ्यातली आहेत. काही वाईट वाटलं नाही, पण आधी माहीत असतं तर फीतकाप्यांविषयी जरा जपून लिहिलं असतं. आणि अक्षरही बरं काढलं असतं.

सोमवारची चेष्टा करू नका, त्यामागे शास्त्र आहे. रविवारी कारखाने बंद, गाड्या कमी, धूर नाही. हवा रात्रभर निवळते, म्हणून सोमवारी तापमान उतरतं. मंगळवारपासून पुन्हा चढतं. हा विचार मी मागच्या महिन्यात वर्तमानपत्राला लिहिला होता, तो त्यांनी "वाचकांचा आवाज" मध्ये छापला, आकड्यांसकट. कापून पाठवते आहे. (रविवारीच का उतरत नाही, ही शंका मलाही आली होती. "हवेला निवळायला वेळ लागतो" असं लिहून मी ती मिटवली. मिटवली की दाबली, हे पुन्हा तपासायला हवं.)

त्या पत्राचा परिणाम बघा. फीतकाप्यांनी निवाऱ्यावर नवा फलक लावलाय: "या वॉर्डात ४३ अंश! म्हणूनच हा निवारा!" आकडा माझा, फोटो त्यांचा. काल रस्त्यात भेटले तर म्हणाले, "मॅडम, पुढच्या आठवड्यात चव्वेचाळीस होईल का बघा." जणू काही मी वाण्याकडून तोलून आणते. मी म्हटलं, जेवढं असेल तेवढंच लिहीन. ते म्हणाले, "अर्थात, अर्थात. पण बघा."

खोलीबद्दल माझं मत विचारलंत. तीन दिवस विचार केला. डायरीत दोन पानं लिहिली आणि एक फाडलं. खोली तुमची, तब्येत तुमची, त्यात मी बोलणं बरोबर नाही. दातवाले सभ्य आहेत. रविवारी टेप घेऊन मापं घ्यायला आले होते. खुर्ची खिडकीखाली ठेवणार म्हणाले, बाहेरचं झाड दिसलं की पेशंटचं तोंड आपोआप उघडतं. मधली भिंत पाडावी लागेल. तुमचं पुस्तकांचं कपाट तेव्हा कुठे ठेवायचं, तेवढं कळवा.

बाकी ठीक. गुरुवारी ४३ होते.

पुतणी

*

२ मे

चिरंजीव,

कपाट कुठे ठेवायचं असं विचारलंस, म्हणजे मत कळलं.

रागाने लिहीत नाही. मी हिशेबी माणूस नाही, पण पाहणी अधिकारी होतो. सव्वादोन वर्षांतली पत्रं एकत्र वाचली की अहवाल आपोआप तयार होतो. ऊन असह्य, रस्ते असह्य, नगरसेवक असह्य, शेजाऱ्यांचा रेडिओ असह्य, पाववाल्याचा पाव पूर्वीसारखा नाही. एकाही पत्रात असं एक वाक्य नाही की ज्यावरून म्हाताऱ्याने बॅग भरावी. कोणाला बोलवायचं असलं की माणूस निदान संध्याकाळी वारा सुटतो तरी लिहितो. तू तिथे नीट राहतेस, घर तुझ्या सवयीचं झालंय, ते तसंच राहू दे. मला त्याचं वाईट वाटत नाही. इथे सगळं छान आहे, हे मागेच लिहिलंय.

दातवाल्यांना "हो" म्हणून पत्र लिहून ठेवलंय. अजून टाकलेलं नाही, कारण तिकिटं संपली आहेत. पोस्ट बसस्टँडच्या वाटेवरच आहे, पण तिकडे रोज गर्दी असते.

कपाट जिन्याखाली ठेव.

तुझं शास्त्र वाचलं. छापून आलं म्हणून अभिनंदन. आता जुन्या अधिकाऱ्याचं एक ऐक. आकाशाला आठवड्याची सुटी नसते, सुटी माणसांना असते. दर सोमवारी जी तक्रार गायब होते तिचं मूळ वर शोधू नकोस, आसपास शोध. सोमवारी काय बंद असतं? तू जाऊन पाहिलंस का? सिद्धांत मांडायच्या आधी नळ उघडून बघायचा असतो, हे मी तुला शिकवलं नव्हतं का?

काका

*

१६ मे

प्रिय काका,

हे पत्र पोचेपर्यंत तुमच्या पोस्टातली गर्दी कमी झालेली नसू दे. काल दातवाल्यांना आडून विचारलं, अजून तुमचं काही आलेलं नाही म्हणाले. म्हणून लिहायला धीर झाला.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. "नळ उघडून बघायचा असतो" हे मला, तक्रारखिडकीवर बारा वर्षं काढलेल्या बाईला? मग रागारागातच सोमवारी बंद असणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसले. सलून, वाचनालय, चपला शिवणारे, बेकरी. बेकरीपाशी पेन थांबलं.

उठून मागच्या व्हरांड्यात गेले. थर्मामीटरच्या शेजारी भिंतीवर तळहात ठेवला आणि उचलून फुंकर मारली. समोरची भिंत गार, डावीकडची कोमट, आणि ही अशी.

तशीच चप्पल घालून बेकरीत गेले. बेकरीवाले टोस्ट भरत होते.

"तुमची भट्टी कुठे आहे हो?"

"ही काय, तुमच्या व्हरांड्यामागेच. बुकबाइंडरचं कागदाचं गोदाम घेतलं ना आम्ही. आता दोन वर्षं झाली."

"मला सांगायचं नाही?"

"मॅडम, तुम्हीच तर आला होतात, ठोकाठोकीची तक्रार घेऊन. आवाज कमी करा म्हणालात, आम्ही केला. कशाची ठोकाठोकी ते तुम्ही विचारलं नाहीत."

घरी येऊन दोन वर्षांपूर्वीची डायरी काढली. तुम्ही गेल्यानंतरचा मार्च. "पलीकडे दिवसभर ठोकाठोकी. जाऊन तक्रार केली. बरं वाटलं." एवढंच. पुढच्या ओळीत भाजी महागल्याचं आहे.

म्हणजे काका, तुम्ही ती भिंत निवडलीत तेव्हा पलीकडे कागदाची रिमं होती आणि घरातली सगळ्यात गार भिंत तीच होती. तुमचं काही चुकलं नाही. थर्मामीटर हलवायचा नाही म्हणालात, मी हलवला नाही. माझंही आज्ञापालन चुकलं नाही. तुमची आज्ञा आणि माझं पालन, या दोहोंच्या मधे कोणीतरी भट्टी बांधली. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी इमानदारीने बेकरीचं तापमान लिहिलं. बेकरीवाल्यांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "बाहेरच्या भिंतीला एवढं म्हणजे उष्णता वाया जातेय," आणि मला एक टोस्टचा पुडा दिला.

मग खरं तापमान किती? इथे मी माझ्यावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. कारण आता मला आकडा कमी यायला हवा होता, आणि हवा असलेला आकडा वाचणाऱ्या माणसाला तसाच दिसतो. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून तसाच सुईचा दुसरा थर्मामीटर आणला, पुढच्या दाराशी सावलीत टांगला, आणि त्यांनाच सांगितलं की रोज संध्याकाळी फिरायला जाताना तुम्ही वाचा, कागदावर लिहा आणि आठ दिवस मला सांगू नका. सर पहिल्या दिवशी म्हणाले, "एवढं काय आहे यात?" मी म्हटलं, आहे. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. पण रोज वाचून झालं की माझ्याकडे असं बघायचे की मला जेवण जायचं नाही.

तीन दिवसांपूर्वी कागद उघडला: ३६, ३७, ३७, ३८, ३७, ३९॥, ३८, ३७.

तो साडेएकोणचाळीसचा दिवस गाळावा असं अर्धा मिनिट वाटलं. गाळलेला नाही. तुमच्या डॉक्टरांना हे पत्र जरूर वाचून दाखवा, आणि तिथे थांबून वाचा. चाळीस नाहीत, पण जवळ आहेत. तुमची पुढची खोली मात्र त्या दिवशीही गार होती. मी आत जाऊन बसले होते. थर्मामीटर नेला नव्हता, म्हणून हे विधान पुराव्याशिवायचं आहे.

मग दुरुस्ती करणं आलं. पहिल्यांदा फीतकाप्यांच्या कचेरीत गेले.

"अंश कमी करताय?" ते खुर्चीतून अर्धे उठलेच. "मॅडम, लोकांना त्रेचाळीसची सवय झालीय!"

"पण ते खरे नाहीत."

"ऊन लागतं की नाही लोकांना?"

"लागतं."

"मग झालं तर. मतदान झाल्यावर करा कमी. तोवर हवा पण उतरेल, तुमचंही खोटं नाही ठरणार."

मी म्हटलं, फलक काढा नाहीतर निवाऱ्याचं तोंड फिरवा, दोन्हीपैकी एक तरी खरं करा. त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही. नंतर वाटलं, घ्यायला हवा होता, आपण भांडायला गेलो नव्हतो. फलक अजून आहे, पण "४३" वर कोणीतरी त्यांच्याच दुसऱ्या सभेचं पत्रक चिकटवलंय. हे त्यांनी करवलं की योगायोग, कळायला मार्ग नाही.

वर्तमानपत्राला सविस्तर खुलासा पाठवला. त्यांनी तो चार ओळींत, "हरवले-सापडले" मध्ये छापला. आधी चिडले. मग वाटलं, जागा काही अगदीच चुकली नाही.

आता खोलीबद्दल. मागच्या पत्रात कपाटाचं विचारलं, कारण दुसरं काय विचारावं ते सुचलं नाही. फाडलेल्या पानावर मत होतं. तुम्ही इथे होतात तेव्हा संध्याकाळी आपण पुढच्या खोलीत बसून गावाला नावं ठेवायचो. तुम्ही एक ठेवलंत की मी दोन. तो आपला दिवसातला सगळ्यात चांगला तास होता, निदान माझा तरी. तुम्ही गेल्यावर मी तेच पत्रातून चालू ठेवलं. तुम्हाला तो तास दिसेल असं मला वाटत होतं, आणि तुम्हाला नुसतं ऊन दिसलं. या म्हणावं असं शंभर वेळा मनात आलं. पण डॉक्टर नको म्हणतात, आणि माझ्यासाठी या म्हणायचं म्हणजे तुमच्या हृदयाच्या जिवावर माझी करमणूक. म्हणून लिहिलं नाही. आता कळतंय की डॉक्टर नको म्हणत होते तेही माझ्याच पत्रावरून. सहा महिन्यांची सव्वादोन वर्षं मी केली, काका. बेकरीने नाही.

सगळ्या तक्रारी केल्या, एक राहिली. ती रीतसर करते.

तक्रार: पुढची खोली बंद आहे.
किती दिवसांपासून: सव्वादोन वर्षं.
तक्रारदार: मी.
याआधी तक्रार केली होती का: नाही. तिथेच चुकलं.

कपाट जिन्याखाली ठेवलेलं नाही.

तुमची,
पुतणी

ता. क. संध्याकाळी वारा सुटतो. पूर्वीही सुटायचा. लिहायचं राहून गेलं.

*

२१ मे

चिरंजीव तक्रारबाई,

पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. तू सांगितलंस तिथे थांबलो. त्यांनी साडेएकोणचाळीसचा विचार केला, आणि मग विचारलं की ही बाई कोण आहे? मी म्हटलं, माझी पुतणी. ते म्हणाले, "एवढ्या खऱ्या माणसाच्या घरी जायला माझी हरकत नाही. दुपारी बाहेर पडू नका, मागच्या व्हरांड्यात बसू नका, आणि बिस्किटं कमी."

मधला भाग त्यांना वाचून दाखवला नाही. तो तुझ्या-माझ्यातला आहे.

आता माझाही एक खुलासा, "हरवले-सापडले" मध्ये टाकण्यासारखा. इथे सगळं छान आहे हे खरं आहे, आणि तेच कठीण आहे. नळाला पाणी वेळेवर येतं. नगरसेवक कोण, कोणाला माहीत नाही. एकदा जेवताना मी नुसतं म्हटलं, काय हे धुकं, तर जावईबापूंनी माफी मागितली. बसस्टँडवर चालायला जातो असं लिहिलं होतं ना, तिथे एक फलक आहे. आपल्या गावाची बस सकाळी सहा चाळीसला. गेली दोन वर्षं ती वेळेवर सुटते की नाही हे मी रोज पाहतो. सहसा पाच मिनिटं उशिरा सुटते. याविषयी तक्रार करायला जवळ कोणी नव्हतं.

दातवाल्यांचं पत्र टाकलेलं नाही. तिकिटं त्या दिवशीही खिशात होती. त्यांना आज दुसरं लिहिलं, की खोली वापरात आहे.

तुझी शेवटची तक्रार नोंदवून घेतली. प्रत्यक्ष पाहणीशिवाय ती निकाली काढता येणार नाही. बुधवारी सहा चाळीसच्या बसने निघतो. ताई म्हणते, "बाबा, पोचल्यावर फोन करा." मी म्हटलं, पत्र टाकीन.

निवाऱ्यापाशी उतरतो. तू मागे सावलीत उभी राहा. बस थांबली नाही तर मी ड्रायव्हरशी बोलून घेईन.

काका

*

२९ मे
(स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, पाण्याच्या भांड्याखाली)

तू झोपेतून उठायच्या आधी फिरून आलो, आणि तू अंघोळीला गेलीस तेव्हा शेरा लिहायला बसलो. ऑफिसला जायच्या आधी वाच.

पाहणी केली. ऊन आहे. निवाऱ्याचं तोंड पश्चिमेलाच आहे, फीतकाप्यांना सकाळीच गाठून सांगितलं, ते म्हणाले बघतो. पाव खरंच पूर्वीसारखा नाही. थर्मामीटर माझ्या हाताने खिळ्यावरून काढला आणि पुढच्या दाराशी लावला. वीस वर्षांच्या नोंदींचं काय व्हायचं ते होवो. वहीत आजच्या तारखेपासून नवं पान सुरू केलंय.

पुढची खोली उघडली. खिडकी जरा अडकते, तिची तक्रार संध्याकाळी करीन.

चहा घेतला. एका पाहणीत हे प्रकरण निकाली निघेल असं वाटत नाही.